एक पालथा, एक उताणा

"ऱ्हायली! द्वारकीच ऱ्हायली! पळा!"

पोरं मैदानभर पांगली. द्वारका मात्र जागची हलली नाही. उजवा हात डोळ्यांसमोर धरून ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता. मग तिनं तो निळ्या स्कर्टला पुसला आणि पोरांच्या मागे पळायला लागली.

कुरणवाडीच्या शाळेत मी पोरांसाठी खिचडी शिजवायचे, तेव्हाची ही गोष्ट. दोन खोल्यांची शाळा, पुढे मैदान, मागे पत्र्याची स्वयंपाकखोली. जेवणं उरकली की मी पातेलं आणि राख घेऊन शाळेच्या ओट्यावर बसायचे आणि समोर पोरांची शिवाशिवी चालायची. त्या मंगळवारी माझ्या ध्यानात आलं, की गेले आठ-दहा दिवस राज्य एकट्या द्वारकेवरच येतंय.

द्वारका तिसरीत होती. दिवाळीनंतर तिचे आईबाप गावच्या गुऱ्हाळावर कामाला आले होते. बाप गूळ करण्यात तरबेज, आई उसाची चिपाडं वाळवायची. पोरगी अंगानं जाडसर, बोलायला कमी. खिचडी वाढली की "बास आजी" एवढंच म्हणायची आणि ताट धुऊन जागेवर ठेवायची. बाकीच्यांची ताटं मला गोळा करावी लागत.

दुसऱ्या दिवशी मी पातेलं घासायचं सोडून पोरांच्या हातांकडे बघत बसले.

राज्य कुणावर हे ठरवायला आधी सुटावं लागतं. तिघं समोरासमोर उभी राहतात आणि एक-दोन-तीन म्हणून हात पुढे टाकतात. तळवा वर असला तर उताणा, खाली असला तर पालथा. तिघांत ज्याचा हात वेगळा पडेल तो सुटला. त्याच्या जागी पुढचा येतो. असं करत शेवटी जो राहील त्याच्यावर राज्य. सगळा नशिबाचा खेळ. आज तुझ्यावर, उद्या माझ्यावर.

द्वारकेसमोर दोघी होत्या. एक माझी नात प्राजक्ता, चौथीतली, पोरींची म्होरकी. दुसरी तिची मैत्रीण रेश्मा मुलाणी. प्राजूचा हात पालथा, रेश्माचा उताणा, द्वारकेचा उताणा. प्राजू सुटली. तिच्या जागी दुसरी पोर आली, तशी रेश्मा तिच्या कानाशी लागली. आता रेश्माचा पालथा, त्या पोरीचा उताणा. द्वारकेनं या वेळी पालथा टाकला. ती दुसरी पोर सुटली.

मला एका नजरेत कळलं. समोरच्या दोन हातांत एक पालथा आणि एक उताणा ठरवून पडला, की तिसऱ्यानं काहीही टाको, त्याचा हात दोघांतल्या एकाशी जुळणारच. वेगळा पडणार तो त्या दोघांतला दुसरा. द्वारकेनं शंभर वेळा हात टाकला असता तरी ती सुटली नसती.

"ए, नीट खेळा की गं!" मी ओरडले.

"नीटच खेळतोय की आज्जे!" प्राजू तिकडून ओरडली. "तिचं नशीबच तसलं, त्याला आमी काय करणार?"

पोरं खिदळली. द्वारकासुद्धा थोडी हसली.

संध्याकाळी प्राजूची वेणी घालताना मी विषय काढला. "त्या द्वारकीला का गं छळता?"

"कोण छळतंय? हात तिचा, टाकती ती."

"मला दिसतंय सगळं."

प्राजूनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत भीती नव्हती. उलट ती हसली, आपल्या दोघींतलंच काही असावं तसं. माझी बोटं वेणीतच थांबली. मी रिबीन बांधली आणि चुलीकडे गेले.

शाळेत काही शिकवत नव्हते असं नाही. पहिली-दुसरीला गुरुजी, तिसरी-चौथीला साळवी बाई होत्या. चिपळूणकडच्या, तरण्या. तालुक्याला प्रशिक्षण झालं की तिथून खेळांच्या चित्रांची फाईल घेऊन यायच्या. 'आपण सारे मित्र' असा मोठा तक्ता त्यांनी भिंतीला लावला होता. मला तो वाचता येत नव्हता, पण रोज परिपाठाला पोरं हात पुढे करून एका सुरात म्हणायची, "आम्ही कोणालाही चिडवणार नाही, कोणालाही एकटे पाडणार नाही." इतक्या जोरात म्हणायची, की मला आत तांदूळ निवडताना ऐकू यायचं. आणि मधल्या सुट्टीत त्याच हातांनी एक पालथा, एक उताणा.

गुरुवारी मी माझ्या अकलेनं एक उपाय केला. डाव मांडायच्या आधीच डाव घेऊन मैदानात गेले, म्हणजे हातातला खिचडीचा डाव. तो उगारून म्हणाले, "आजपासून द्वारकीवर राज्य द्यायचं न्हाई. जो दील त्याला उद्या खिचडी न्हाई."

प्राजूनं जरा विचार केला आणि म्हणाली, "बरं आज्जे. मग ती कच्चं लिंबू."

"कच्चं लिंबू! कच्चं लिंबू!" सगळ्यांनी धरलं.

कच्चं लिंबू म्हणजे पाठीमागं आलेलं धाकटं भावंड. ते रडू नये म्हणून त्याला खेळात घेतल्यासारखं करायचं. त्याला शिवलं तरी चालतं, नाही शिवलं तरी चालतं. चार वर्षांच्या पोराला त्यात काही वाटत नाही. द्वारका आठ वर्षांची होती. ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली. पोरं तिच्या दोन्ही अंगांनी पळत होती, वाटेत झाड असावं तशी तिला वळसा घालत होती. ती एकदा कुणाच्यातरी मागे धावली. त्या पोरानं पळायचंच सोडून दिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तू न्हाईस खेळात."

ती हळूहळू ओट्याकडे आली. माझ्याशेजारी बसली.

"आजी, तुमी कशाला बोललासा?"

मी तिच्या हातावर भाजलेले शेंगदाणे ठेवले. तिनं मूठ मिटली, पण एकही खाल्ला नाही. शाळा सुटल्यावर बघते तर शेंगदाणे ओट्यावर ओळीनं मांडून ठेवलेले.

शुक्रवारी द्वारका आली नाही. आली ती तिची आई, शालन. डोक्यावरचा पदर खोचून थेट वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, पोरीचं नाव काडा."

साळवी बाई खडू ठेवून बाहेर आल्या. "अहो, काय झालं?"

"रातभर उशीत तोंड खुपसून रडली. शाळा म्हटलं की पोटात दुखतंय. विचारलं तर सांगत न्हाई. मला येळ न्हाई हो बाई. चुलवण पेटलेलं, मालक वराडतोय, आन हितं हिचं रडगाणं. माझ्या आईकडं ठिवती. शेरडं हाईत तिची, ती राखंल."

"तिकडे शाळा आहे का?"

"दोन कोसांवर हाय. पर जाणार कोण आन सोडणार कोण?"

"शालनताई, एवढ्यात नाव काढू नका. मला सोमवारपर्यंत वेळ द्या."

"सोमवारी काय हुणार?"

शालननं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "सोमवारी सकाळच्या एष्टीनं माझा भाऊ येणार हाय. तिला घिऊन जाईल," म्हणाली आणि निघाली.

बाई दारातच उभ्या राहिल्या. "मावशी, काय चाललंय? वर्गात तर सगळं ठीक असतं. तिच्याशी कोणी भांडत नाही. मी रोज विचारते."

मी त्यांना स्वयंपाकखोलीत नेलं. "बाई, हात टाका," म्हटलं. पाण्याच्या हंड्यावर एक झाकण पालथं ठेवलं, एक उताणं. "आता हे दोघी. तुमी तिसऱ्या. सुटा बघू."

बाईंनी हसत तळवा वर केला. मी पालथं झाकण उचललं. "हे सुटलं. पुन्हा टाका." त्यांनी तळवा खाली केला. मी उताणं झाकण उचललं. "हे सुटलं." तिसऱ्या खेपेला त्यांचं हसू गेलं. त्या झाकणांकडे बघत राहिल्या.

"किती दिवस?"

"धा-बारा तरी."

"आणि हे कोणी काढलं?"

"पोरीच खेळतात," मी म्हणाले आणि चूल सारखी करायला वाकले.

मी वाकले तेव्हा तोंडाला धूर लागला, तेवढं बरं झालं.

शनिवारी सकाळची शाळा. बाईंनी परिपाठाला तक्त्यातलं काही म्हणवलं नाही. बसायच्या पट्ट्या भिंतीकडे सारून वर्गाचा मध्य मोकळा केला. मला म्हणाल्या, "मावशी, चूल जरा मागे राहू दे. या बसा." मी दाराशी बसले, डाव हातातच होता.

"आज गणिताचा खेळ," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे सुटायला एक युक्ती वापरता. एक पालथा, एक उताणा. मला माहिती आहे."

प्राजूनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला घेतली.

"मी रागवत नाहीये. मला फक्त एक उत्तर हवंय. समोरच्या दोघांनी ती युक्ती केली, तर तिसऱ्यानं काय करावं म्हणजे तो सुटेल? जो शोधेल त्याला आठवडाभर शाळेची घंटा वाजवायला मिळेल. प्रत्येकाला दहा डाव."

घंटेचं नाव निघाल्यावर वर्ग जागा झाला. पहिला उठला तो अवधूत. चौथीतला हुशार पोरगा, गणितात पहिला. त्यानं डोळे मिटून हात टाकले. पाचही फसले, पाच रेघा फळ्यावर. मग समोरच्यांच्या डोळ्यांत बघून टाकले. आणखी पाच रेघा.

"बाई, एक चान्स द्या, मला कळलंय!"

"दहा झाले. दुसरा."

दुसऱ्यानं हात उशिरा टाकला. सगळे ओरडले, "रडी! रडी! बघून टाकला!" तिसरीनं हात तिरका धरला, ना पालथा ना उताणा. "हे काय, कोंबडीचा पाय?" कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसून हसून लोळला. एकानं डाव्या हातानं टाकून बघितला. एकीनं आधी देवाचं नाव घेतलं. फळ्यावर रेघांवर रेघा वाढत गेल्या. सुरुवातीला पोरं खिदळत होती. सहा-सात जण झाल्यावर हसणं कमी होत गेलं. जो उठायचा तो ईर्ष्येनं उठायचा आणि पाचव्या-सहाव्या डावाला त्याचा चेहरा उतरायचा. एक पोरगा आठव्या डावाला हात मागे घेऊन म्हणाला, "मला न्हाई खेळायचं. ह्यो काय खेळ हाय?" आणि जाऊन बसला.

बाई फक्त रेघ ओढायच्या.

मग रेश्माची पाळी आली. पाच डाव झाले, सहा झाले. सातव्याला तिनं हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

"बाई, तिसऱ्यानं काय बी करून उपेग न्हाई."

"मग? उत्तर नाहीच?"

"हाय." रेश्मा खाली बघत होती. "समोरच्या दोघींतल्या एकीनं ऐकलं न्हाई पायजे. ठरल्यापरमाणं टाकायचंच न्हाई. मग ती सुटंल. तिनं... म्हंजी जी मधी हाय तिनं न्हाई, आमच्यातल्याच एकीनं कराया पायजे."

"बरोबर," बाई हळूच म्हणाल्या. "दहा दिवसांत कोणा एकीला तरी असं करावंसं वाटलं?"

रेश्माच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही. शेवटी मागून अवधूत म्हणाला, "मला वाटलं हुतं एकदा. पर मग माझ्यावर राज्य आलं असतं."

"प्राजक्ता," बाई म्हणाल्या, "तुझी पाळी."

"मी न्हाई खेळणार."

"का?"

"मला माहितीय. मी सुटणारच न्हाई."

"मग द्वारका कशी सुटणार होती?"

प्राजूनं ओठ घट्ट मिटले. तिचे कान लाल झाले होते. बाईंनी तिच्यापुढे गुडघे टेकले. "ही युक्ती तू आणलीस ना? तुला कोणी शिकवली?"

प्राजूनं स्कर्टची कड मुठीत धरली.

"सांग. मी मारणार नाही."

प्राजूनं मान आणखी खाली घातली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. तिनं एकदाही दाराकडे बघितलं नाही. पोर नऊ वर्षांची. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. ती बोलली नाही. मला वाचवायला गप्प राहिली.

"मी शिकवली," मी म्हणाले.

डाव माझ्या हातातून खाली पडला. मी तो उचलला नाही. "बाई, ती मी शिकवली. गेल्या उन्हाळ्यात, डोक्याला तेल लावताना. माझ्या लहानपणची गंमत म्हणून सांगितली. आमच्या वस्तीवर चंद्रा म्हणून पोरगी हुती. आमी बी एक पालथा, एक उताणा टाकायचो. कवा सुटायची न्हाई. आमी हसून मरायचो. प्राजूला सांगतानाबी मी हसले. लई हसले."

"मग चंद्रा?" रेश्मानं विचारलं.

मला एकदम काही आठवेना. पन्नास वर्षांत तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही विचारला नव्हता. "यायची बंद झाली," मी म्हणाले. "विहिरीवर बसायची एकटी. आमी बोलावलंच न्हाई. तिनं कशापायी सोडलं हे बी मला कवा कळलं न्हाई. कळलं ते ह्या बुधवारी, हितं ओट्यावर."

मागून एक आवाज आला, "मग आजीलाबी शिक्षा!"

"हां! आजीला शिक्षा!" सगळ्यांनी उचलून धरलं. इतका वेळ दाबलेलं हसू एकदम बाहेर पडलं.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ठरवा तुम्हीच."

कुजबुज झाली. कुणी म्हणालं, कान धरून उठाबशा. कुणी म्हणालं, आजीच्या गुडघ्यांना झेपायचं न्हाई. शेवटी रेश्मा उठली. "आजीनं रोज पहिलीच्या पोरांत बसायचं. एक तास. खाली, पट्टीवर. आन गुरुजींनी विचारलं की हात वर करायचा."

"वर्षभर!" अवधूत म्हणाला.

मी ती शिक्षा घेतली. पहिलीच्या पोरांत गुडघे दुमडून बसले. शेजारचं पोर रोज माझ्या पाटीत डोकावून सांगायचं, "आज्जे, तुझा ग पडलाय." वर्षाची दोन वर्षं झाली, कारण मला हळू यायचं. त्या तक्त्यावरचं मी पुढे एक दिवस स्वतः वाचलं.

पण तो शनिवार संपला तेव्हा द्वारका शाळेत नव्हती आणि सोमवारी तिचा मामा येणार होता.

रविवारी दुपारी मी गुऱ्हाळावर गेले. प्राजूला मी बोलावलं नव्हतं. मी पायताण घातलं तशी तीच मागे आली. चुलवणाचा जाळ अंगावर येत होता. द्वारकेचा बाप काहिलीतल्या रसाला उलथनं मारत होता, गूळ व्हायच्या बेताला आलेला, त्याला मान वळवायचीही सवड नव्हती. शालन चिपाडं पसरत होती.

"आता काय काम काडलं मावशी?"

"पोरीला भेटायचं हाय."

द्वारका खोपटाच्या सावलीत बसली होती. तिच्या उजव्या मनगटाला काळा दोरा होता.

"ह्यो कशाला गं?" मी विचारलं.

"आईनं बांधला. माझा हात वाईट हाय न्हवं, म्हणून."

प्राजू माझ्या मागे उभी होती. ती पुढे आली आणि द्वारकेसमोर मांडी घालून बसली. "तुझा हात वाईट न्हाई. आमी फसवायचो." आणि तिनं सगळं दाखवलं. स्वतःचा एक हात पालथा, एक उताणा. "टाक."

द्वारकेनं टाकला. पुन्हा टाकला. चार-पाच वेळा टाकला. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सांगता येणार नाही. राग होता, पण आधी दुसरंच काहीतरी होतं. तिनं हात उलटा-सुलटा करून बघितला.

"म्हंजी माझा हात बराय?"

"बराय."

त्यावर तिनं प्राजूच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. प्राजूनं ती खाल्ली. मी मधे पडले नाही.

"उद्या ये की शाळेला," प्राजू दंड चोळत म्हणाली.

"कच्चं लिंबू करशीला?"

"न्हाई."

"राज्य देशीला?"

मला वाटलं, आता प्राजू म्हणणार, कधीच देणार नाही. पण ती म्हणाली, "आलं तर यील. आमी काय करणार न्हाई."

शालन चिपाडाचा भारा हातात घेऊन हे सगळं ऐकत उभी होती. कुठून ऐकत होती कोण जाणे. "भावाला दुपारच्या एष्टीनं जायाला सांगती," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीपातूर बसूं दे शाळेत. मी सोता यिऊन बघणार. पुन्हा रडताना दिसली तर हातानं वडून न्हीन, मग बाई मधी यू दे न्हाईतर आणि कोण."

सोमवारी द्वारका आली. केस तेल लावून चप्प बसवलेले, मनगट मोकळं. वर्गात काय झालं मला माहीत नाही. मधली सुट्टी झाली, पोरं जेवली आणि मैदानात गोळा झाली. साळवी बाई हातात वह्या घेऊन दारात उभ्या राहिल्या, पण त्या वह्या तपासत नव्हत्या. शाळेच्या कुंपणापलीकडे शालन उभी होती. तिच्याशेजारी पिशवी घेतलेला एक माणूस होता.

दुसऱ्या दिवसासाठी मी चुलीवर हरभरे उकडत ठेवले होते, ते तसेच ठेवून बाहेर ओट्यावर येऊन बसले.

तिघं उभी राहिली. एक-दोन-तीन. हात पडले. पोरं आता मान वळवून इकडे-तिकडे बघत नव्हती, कानात कुजबुजत नव्हती. खरा खेळ चालला होता आणि खरा होता म्हणूनच लांबत होता. तिघांचे हात एकसारखे पडायचे, पुन्हा टाकायचे. अवधूत सुटला. एक-एक करत बाकीचीही सुटली. प्राजू उशिरा सुटली. दोघीच राहिल्या, रेश्मा आणि द्वारका. तिसऱ्या हाताला प्राजू मदतीला आली.

एक-दोन-तीन.

प्राजूचा उताणा. द्वारकेचा उताणा. रेश्माचा पालथा.

रेश्मा सुटली. द्वारका राहिली.

कुणी 'पळा' म्हटलं नाही. कुणी हललं नाही. रेश्मा आपल्या हाताकडे बघत होती, तो परत घेता येईल का असं. प्राजू वळून माझ्याकडे बघायला लागली, पण मी तरी काय करणार होते? हात खरे पडले होते. दारात बाईंच्या हातातल्या वह्या छातीशी गेल्या. कुंपणाशी शालननं भावाच्या हातातली पिशवी धरली.

द्वारकेनं तिघींचे हात एकदा बघितले. प्राजूचा, रेश्माचा, मग आपला. सावकाश बघितले. मग तिनं नाक वर ओढलं, स्कर्ट गुडघ्याच्या वर खोचला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अरं, उभं काय ऱ्हायलासा? माझ्यावर राज्य हाय! पळा की!"

आणि सुटली. पहिलाच हात तिनं प्राजूच्या पाठीत असा घातला, की प्राजू पालथी मातीत पडली आणि पडल्या पडल्या हसायला लागली.

पोरांचा एकच गिल्ला उठला. कोण कुणाला शिवलं, कुणावर राज्य, काही कळेना. धुळीत निळे स्कर्ट आणि पांढरे शर्ट फिरत होते. मी कुंपणाकडे बघितलं. मामा एकटाच एष्टीच्या वाटेला लागला होता. शालन अजून उभी होती, पदर तोंडाला लावून. रडत होती की हसत होती, लांबून कळत नव्हतं.

मागं चुलीवर हरभऱ्यातलं पाणी आटून ते करपले होते. वास माझ्या नाकापर्यंत आला होता, पण त्या दिवशी मी उठले नाही.